दृष्टी शाबूत असतानाच : पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या पहिल्या खुणा

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून अलीकडे आईवडिलांच्या प्रकृतीची चर्चा अधिक होऊ लागली आहे. ज्या पिढीने मुलांना शिकवून विमानात बसवले, ती पिढी आता पासष्टी-सत्तरीत आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांची विचारपूस आपण दर रविवारच्या फोनवर नेमाने करतो. डोळ्यांविषयीचा प्रश्न मात्र 'मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना?' इथवरच जातो. ऑपरेशन झाले, नवे भिंग बसले, की डोळ्यांचा विषय मिटला असे आपण गृहीत धरतो. मग एखाद्या तपासणीच्या अहवालात एक अनोळखी शब्द येतो : ड्रुझेन. डॉक्टर म्हणतात, 'आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.' घरातला एक जण हे ऐकून निर्धास्त होतो. दुसरा रात्रभर इंटरनेट धुंडाळून घाबरून जातो. निर्धास्तपणा आणि घबराट, दोन्हींचे मूळ अपुऱ्या माहितीत आहे.

आम्ही वैद्यक शाखेचे नाही; संगणकप्रणाली लिहिणे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्या सल्ल्यामागचे शास्त्र समजले, तर 'आत्ता काही करायचं नाही' या वाक्याचा खरा अर्थ कळतो आणि त्या काळात करण्यासारखे पुष्कळ आहे हेही ध्यानात येते.

तीन 'बिंदू' आणि एक गैरसमज

मराठीत मोतीबिंदू, काचबिंदू आणि पीतबिंदू हे तीन शब्द एका कुळातले वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. काचबिंदू म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रचेतेची हानी. ही दोन्ही रोगांची नावे आहेत. पीतबिंदू हा रोग नव्हे. ती प्रत्येकाच्या डोळ्यातील एक जागा आहे. डोळ्याच्या आतील बाजूस प्रकाश टिपणारा जो पातळ पडदा असतो, त्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा हा भाग. ल्युटीन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे तो पिवळसर दिसतो, म्हणून पीतबिंदू.

आकाराने एवढासा असला, तरी आपल्या 'पाहण्या'चा अर्क याच जागेत आहे. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा टिपणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे पीतबिंदूची. त्याच्या अगदी मध्यात केवळ शंकुपेशी असतात. त्या उजेडात काम करतात आणि रंग व बारकावे टिपतात. तिथून थोडे बाहेर सरकले, की मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींची दाट वस्ती लागते. ही रचना लक्षात ठेवावी; पुढे लक्षणांचा उलगडा करताना ती उपयोगी पडेल.

वाढत्या वयाबरोबर या जागेची जी झीज होते, तिला वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हास म्हणतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० पर्यंत जगात सुमारे १९.६ कोटी आणि २०४० पर्यंत २८.८ कोटी लोकांना तो कमीअधिक प्रमाणात असेल. यांतील बहुसंख्य लोक पहिल्या टप्प्यांत असतात. त्यांना तो आहे हे ठाऊकही नसते.

पडद्यामागची साफसफाई

प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे काम अतोनात झिजवणारे आहे. त्यांची टोके रोज थोडी थोडी गळतात आणि मागून नवी तयार होतात. साधारण दहा दिवसांत पूर्ण टोक नवे होते. गळालेला भाग उचलण्याचे काम त्यांच्या मागे असलेल्या रंजक पेशींच्या एकपदरी थराकडे असते. या पेशी प्रौढ वयात सहसा नव्याने तयार होत नाहीत. जन्मापासून मिळालेला हा कामगारवर्ग आयुष्यभर, सुट्टीशिवाय राबतो.

रंजक पेशींच्या मागे ब्रुखचा पडदा नावाची एक जाळीवजा भिंत असते. तिची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकीच. तिच्यापलीकडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे. प्राणवायू आणि अन्न याच भिंतीतून आत येते आणि टाकाऊ द्रव्य याच भिंतीतून बाहेर जाते. वय वाढते तसा या भिंतीत चरबीयुक्त साका जमत जातो, ती जाड होते, येण्याजाण्याची वाट अरुंद होते. वापरलेली स्मृती मोकळी न करणारी संगणकप्रणाली जशी कित्येक दिवस सुरळीत चाललेली दिसते, तसेच इथे घडते. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. आत मात्र साठा वाढत असतो.

ड्रुझेन म्हणजे काय?

रंजक पेशी आणि ब्रुखचा पडदा यांच्यामध्ये साठलेल्या या द्रव्याचे जे पिवळसर ठिपके तयार होतात, तेच ड्रुझेन. डच शास्त्रज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी १८५५ मध्ये त्यांचे वर्णन केले. नाव मात्र जर्मन भाषेतून आले. आत स्फटिक असलेल्या पोकळ दगडाला जर्मनमध्ये ड्रूझ म्हणतात. वेरूळ-अजिंठ्याच्या मुलखात काळ्या पाषाणाच्या पोटात असे चमकणारे स्फटिक सापडतात, ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही उपमा चटकन पटेल.

सर्व ड्रुझेन सारखे नसतात आणि त्यांच्या अर्थाचा निम्मा भाग त्यांच्या आकारात असतो. ६३ मायक्रोमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण केसाच्या जाडीहून बारीक ठिपके हे वयाचे सामान्य लक्षण मानले जाते; उतारवयात ते बहुतेकांच्या डोळ्यांत सापडतात. ६३ ते १२५ मायक्रोमीटर हे मध्यम आणि १२५ च्या पुढचे मोठे. आकाराइतकेच रूपही महत्त्वाचे. कडा रेखीव असलेले 'कठीण' ड्रुझेन तुलनेने निरुपद्रवी. कडा धूसर असलेले, एकमेकांत मिसळत जाणारे 'मृदू' ड्रुझेन अधिक काळजीचे.

त्यांच्या घटकांत चरबी, कोलेस्टेरॉल आणि अनेक प्रथिने आढळतात. त्यांत शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेतील प्रथिनेही असतात, ही गोष्ट दीर्घकाळ कोड्यासारखी होती. २००५ मध्ये त्या कोड्याची एक बाजू उलगडली : या प्रतिकारव्यवस्थेला आवर घालणाऱ्या एका जनुकातील बदलाचा या आजाराशी घट्ट संबंध असल्याचे अनेक संशोधक गटांनी एकाच वर्षी दाखवून दिले. २०१६ पर्यंत जनुकसंचातील अशी ३४ ठिकाणे ओळखली गेली.

रंगाचे विस्थापन आणि फसवे ठिपके

दुसरी खूण रंगद्रव्याची. ताणाखाली आलेल्या रंजक पेशी काही ठिकाणी गोळा होतात, काही जागा सोडून दृष्टिपटलात वर सरकतात, काही नष्ट होतात. तपासणीत मग कुठे गडद काळसर ठिपके दिसतात, तर कुठे रंग उडालेल्या फिकट जागा. ड्रुझेन हा जमलेला कचरा असेल, तर रंगातील हे बदल म्हणजे तो उचलणारे कामगारच खचू लागल्याची खबर. म्हणूनच डॉक्टर त्यांना अधिक वजन देतात.

तिसरी खूण तपासणाऱ्याला सहज चकवणारी आहे. काही ठिपके ड्रुझेनसारखेच दिसतात, पण रंजक पेशींच्या मागे न जमता त्यांच्या पुढे, थेट प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या लगत जमतात. साध्या छायाचित्रात ते सुटून जाऊ शकतात. अंधारात नजर स्थिरावण्यास लागणारा विलंब आणि पुढील टप्प्यात जाण्याचा वाढता धोका, या दोन्हींशी त्यांचा संबंध आढळला आहे.

टप्पे आणि गुण

२०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने या साऱ्या खुणांची सुटसुटीत वर्गवारी मांडली. केवळ लहान ड्रुझेन असतील तर ते वयोमानाचे सामान्य बदल. मध्यम ड्रुझेन असून रंगात बदल नसेल तर आरंभिक अवस्था. मोठे ड्रुझेन किंवा रंगातील बदल दिसले तर मध्यम अवस्था. त्यापुढची ती उत्तर अवस्था. तिचे दोन प्रकार : एकात पेशींचे पट्टेच्या पट्टे झिजून जातात, दुसऱ्यात नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या उगवून गळू लागतात. लोक ज्याला 'कोरडा' आणि 'ओला' प्रकार म्हणतात, त्यातला ओला तो हाच.

आपण कोणत्या पायरीवर आहोत, याचा अंदाज देणारी एक सोपी गुणपद्धत अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून २००५ मध्ये तयार झाली. ज्या डोळ्यात मोठे ड्रुझेन असतील त्याचा एक गुण, ज्या डोळ्यात रंगाचे बदल असतील त्याचा एक गुण. मोठे ड्रुझेन कोणत्याच डोळ्यात नसले, पण दोन्ही डोळ्यांत मध्यम असले, तर त्याचा मिळून एक. अशी दोन्ही डोळ्यांची बेरीज शून्य ते चार होते. शून्य गुण असल्यास पाच वर्षांत उत्तर अवस्था येण्याची शक्यता सुमारे ०.५ टक्का, एकला ३, दोनला १२, तीनला २५ आणि चारला ५० टक्के. अहवालातील 'ड्रुझेन' हा एकटा शब्द म्हणूनच पुरेसा नाही. किती मोठे, एका डोळ्यात की दोन्ही, रंगात बदल आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्या शब्दाला अर्थ येत नाही.

मात्र एक गोष्ट नमूद करायला हवी. ज्या अभ्यासातून हे आकडे आले, त्यातील जवळजवळ सर्व सहभागी गौरवर्णीय अमेरिकन होते. आकडे खोटे नाहीत. पण ते कोणाच्या डोळ्यांवरून काढले, हे विचारणे शास्त्राला धरूनच आहे. आपल्या आईवडिलांसाठी ते दिशादर्शक मानावेत, भविष्यवाणी नव्हे.

हा आजार 'त्यांचा'च का?

याच्या उलट टोकाचा एक समज आपल्याकडे आढळतो : हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याला काय त्याचे? या समजाला उत्तर देणारे काम भारतातच, तेही नागपूरजवळ झाले आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटमधील डॉक्टरांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण मध्य भारतातील आठ गावांत तिशीपुढील ४७११ लोकांचे डोळे तपासले. विदर्भातील शेतकरी आणि शेतमजूर घरांतील या डोळ्यांतही आरंभिक ऱ्हासाच्या खुणा सापडल्या. उत्तर अवस्था त्या मानाने फार विरळ होती. उत्तर आणि दक्षिण भारतात साठीपुढील लोकांत झालेल्या आणखी एका मोठ्या पाहणीतही हा आजार आपल्याकडे आहे, हेच दिसले. आपली माणसे दीर्घायुषी होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. वाढलेल्या आयुष्याबरोबर वाढत्या वयाचे आजारही येतात.

काय जाणवते, काय जाणवत नाही

आरंभिक अवस्थेत तक्त्यावरची शेवटची ओळही अनेकांना वाचता येते. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दुकानात 'नजर उत्तम' असा शेरा मिळतो आणि तो खराही असतो, कारण तक्ता उजेडात, ठळक काळ्या अक्षरांत असतो. मधल्या शंकुपेशी तग धरून असतात. भोवतालच्या दंडपेशी मात्र त्यांच्या आधी कमी होऊ लागतात, हे दान केलेल्या डोळ्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. त्यामुळे पहिली कुरबुर तक्त्यावर दिसत नाही, ती मंद उजेडात जाणवते. उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ काही दिसत नाही. रात्री जिना उतरताना हात कठड्याकडे जातो. संध्याकाळी गाडी चालवणे नकोसे होते.

आपल्या वस्त्यांतील विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत संध्याकाळी ग्रंथवाचन होते. वर्षानुवर्षे खड्या आवाजात वाचणारे एखादे काका किंवा आजी एके वर्षी पुस्तक शेजारच्याच्या हाती देतात आणि म्हणतात, 'आता तू वाच, इथला दिवा बारीक आहे.' कदाचित दिवा खरेच बारीक असेल, किंवा चष्मा जुना झाला असेल. पण ज्या पिढीने घरात पहिल्यांदा अक्षर आणले, ती वाचन सहजासहजी सोडत नाही. तिने पुस्तक बाजूला ठेवले, तर ते वयावर ढकलून न देता डोळे तपासून घ्यावेत.

सरळ रेषा वाकडी दिसणे, अक्षराच्या मधला भाग गायब होणे, नजरेच्या मध्यभागी करडा डाग येणे ही लक्षणे वेगळी. तिथे थांबायचे नाही. काही दिवसांच्या आत दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाला गाठायचे. ओल्या प्रकारावर डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांचे प्रभावी उपचार २००६ पासून रूढ आहेत. परंतु उशीर झाला, तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. हे ओळखण्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांची चौकट उपयोगी पडते : दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच मिलिमीटरचे चौकोन, मध्ये एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटर अंतरावरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे, मग दुसरा. एका वेळी एकच डोळा, हे महत्त्वाचे. दोन्ही डोळे उघडे असले, की चांगला डोळा दुबळ्याची उणीव झाकून टाकतो.

यंत्राची नजर

दृष्टिपटलाचे थर उभे कापल्यासारखे दाखवणारे ओसीटी हे तंत्र १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि आज मध्यम शहरांतील नेत्ररुग्णालयांतही ते उपलब्ध आहे. प्रकाशलहरींच्या साहाय्याने, सुईशिवाय, काही क्षणांत काही मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील त्यात दिसतो. ड्रुझेनचे उंचवटे, त्यांच्या पुढे जमलेले फसवे ठिपके, वर सरकलेल्या रंजक पेशी, साऱ्यांची नोंद होते. २०१८ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयाने डीपमाइंडच्या सहकार्याने १४,८८४ चित्रांवर शिकवलेली एक संगणकप्रणाली कोणत्या रुग्णाला किती तातडीने पाठवावे, याबाबत तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. अशा प्रणालींविषयी उत्साह जरूर असावा; पण त्या कोणत्या लोकसमूहांच्या डोळ्यांवर शिकल्या, हा मघाचाच प्रश्न त्यांनाही लागू आहे.

आपल्यासारख्या दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांसाठी या यंत्राचे मोल वेगळेच आहे. आई सहा महिने नागपूरला, सहा महिने आपल्याकडे. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि एकालाही जुने चित्र दिसत नाही. या आजारात एकट्या चित्रापेक्षा दोन चित्रांमधला फरक अधिक सांगून जातो. म्हणून तपासणीनंतर छापील अहवालावर न थांबता मूळ चित्रांची फाइल मागून घ्यावी, तारीख घालून जपून ठेवावी आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवावी. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांच्या प्रवासविम्यात नेहमीची नेत्रतपासणी बहुधा धरलेली नसते. तेव्हा ती निघण्यापूर्वी भारतातच करून घेणे सोयीचे आणि स्वस्तही पडते.

काय करावे, काय करू नये

ड्रुझेन दिसतात, तर ते जाळून टाकावेत, असे कोणालाही वाटेल. तसा प्रयोग झालाही. दोन्ही डोळ्यांत पुष्कळ मोठे ड्रुझेन असलेल्या १०५२ जणांच्या एका डोळ्यावर सौम्य लेझर करून दुसरा तसाच ठेवण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष बोलका होता : पाच वर्षांनी दृष्टी लक्षणीय घटलेल्या डोळ्यांचे प्रमाण दोन्ही बाजूंना सारखेच, २०.५ टक्के. ठिपके कमी करता येतात, पण तेवढ्याने आजार थांबत नाही. 'लेझरने डाग काढून देतो' असे कोणी सांगितले, तर हा आकडा आठवावा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही तसेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मिश्रणाने उत्तर अवस्थेचा धोका पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटला. मात्र मध्यम अवस्थेत असलेल्या किंवा एका डोळ्यात उत्तर अवस्था आलेल्या लोकांतच. आरंभिक अवस्थेत त्यांचा लाभ दिसला नाही. २०१३ च्या पुढील चाचणीनंतर धूम्रपान केलेल्यांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या भीतीने बीटा-कॅरोटीन वगळून १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घेण्यात आले. माशाच्या तेलाने अधिक फायदा झाला नाही. म्हणजे भारतात पाठवायच्या बॅगेत ही बाटली टाकण्याआधी, ती कोणत्या अवस्थेसाठी आहे हे डॉक्टरांना विचारलेले बरे.

आपल्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तंबाखूचा धूर. धूम्रपानाने हा धोका दुपटीच्या आसपास किंवा अधिक वाढतो आणि विडी त्यातून सुटत नाही. पालक, मेथी, चवळी यांसारख्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक, मासे ही आपल्या ताटातलीच मंडळी उपयोगी आहेत. रक्तदाब आटोक्यात ठेवावा. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमी चाळिशीत एक पायाभूत तपासणी आणि पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी तपासणी सुचवते. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल, तर मुलांचा धोका वाढतो. तेव्हा चाळिशीची ती तपासणी आमच्या पिढीनेही चुकवू नये.

आणि भीतीविषयी एक शब्द. उत्तर अवस्थेतही हा आजार सहसा पूर्ण अंधार आणत नाही. कडेची नजर टिकते, माणूस घरात वावरू शकतो. तो हिरावतो ते अक्षर आणि चेहरा. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या कष्टाने अक्षर मिळवले, ते पाहता हे नुकसान लहान नाही. म्हणून पुढच्या फोनवर 'डोळे बरे आहेत ना?' असे विचारू नका. त्याला 'हो' एवढेच उत्तर येते. 'रात्री वाचताना दिवा वाढवावा लागतो का? एकेक डोळा झाकून पाहिलं का? शेवटची ओसीटी कधी झाली?' असे विचारा. उत्तर द्यायला आई थोडी थांबली, तर तपासणीची तारीख त्याच फोनवर ठरवून टाका.